हॅप्ली म्हणजे आनंदाने

ती पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आली आणि सरळ माझ्या पाया पडली. बाकीचे शिक्षक चहाचे कप हातात धरून बघत राहिले.

"मॅडम, मी तुमचीच विद्यार्थिनी. अकरावी-बारावी इथंच केली मी."

"हो का? वा!" मी म्हणाले. खरं सांगायचं तर ती मला अजिबात आठवत नव्हती. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनंच मला सोडवलं.

"दिवाळी झाली की मी आई-दादांसंगं कारखान्यावर जायचे, ऊसतोडीला. परीक्षेपुरती यायचे. शेवटच्या बाकावर असायचे. तुम्हाला नाही आठवणार."

पाटोद्याच्या या कनिष्ठ महाविद्यालयात मला तेव्हा इंग्रजी शिकवून बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत इंग्रजीची दुसरी शिक्षिका पहिल्यांदाच नेमली गेली होती, आणि तीही माझ्याच हाताखालून गेलेली. महिनाभर मी जो भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी विद्यार्थिनी आहे बरं का." तो महिना मी मोठी होते आणि ती लहान होती, म्हणून सगळं गोड होतं.

मी मूळची दिंद्रुडची. घरी जमीन बख्खळ, वडील तालुक्याच्या राजकारणात. त्यांनी मला शिकायला औरंगाबादला ठेवलं ते माझ्या हौसेपेक्षा चार लोकांत सांगायला बरं म्हणून. पण मी इंग्रजी मनापासून धरली. घरात आणि गावात ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. पुढं लग्न करून पाटोद्याला आले तर इथंही तेच. हळूहळू मला वाटायला लागलं की या भागातल्या इंग्रजीचा सातबारा माझ्याच नावावर आहे. माझे उच्चार स्वच्छ होते. वर्गात मी मराठीचा एक शब्द बोलत नसे, अर्थ सांगण्यापुरता सोडला तर.

ती मात्र वर्गात बिनधास्त "हे लई सोपं हाय बघा" म्हणायची. तिच्या इंग्रजीला पाटोद्याचा वास होता. तरी महिन्याभरात ब तुकडीची पोरं घंटा झाल्यावरही वर्गातून हलेनात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी चार-पाच मुली वह्या घेऊन उभ्या असायच्या. मी दिसले की बाजूला व्हायच्या, वाट द्यायच्या, आणि पुन्हा दाराशी यायच्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी त्या दाराशी कुणी उभं राहिलं नव्हतं. मुली माझ्याकडे यायच्या त्या रजेच्या अर्जावर सही घ्यायला.

मी स्वतःला समजावलं की नव्याचे नऊ दिवस असतात. नऊ दिवस गेले, नव्वदही गेले.

डिसेंबरात एकदा मी कॉरिडॉरमधून जात होते. ब तुकडीत तिचा तास चालू होता आणि वर्गात अशी शांतता होती की मी थांबलेच. बोर्डावर आमच्या पूरक वाचनाच्या पुस्तिकेतली कविता होती. ही पुस्तिका संस्थेनं फार पूर्वी छापली होती. अभ्यासक्रम बदलले, पुस्तिका तीच राहिली. कविता कुणा जुन्या, अनामिक कवीची. एक बाई समुद्राकडच्या खिडकीत बसून बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघते आहे. रोज दिवा लावते, रोज ताट वाढते. शेवटच्या ओळीत ती म्हणते, उद्या तो येईल. आणि त्या येण्याच्या आधी एक छोटा शब्द आहे, हॅप्ली.

ही कविता मी बावीस वेळा शिकवली होती. हॅप्ली म्हणजे हॅपिली. आनंदाने. जुने कवी वृत्तात बसवायला एखादं अक्षर खात असत, तसं इथं मधलं एक अक्षर खाल्लं आहे, असं मी सांगायचे. हा नियम मला कुणी शिकवला होता? कुणीच नाही. पहिल्या वर्षी एका मुलानं विचारलं, मला येत नव्हतं, मी तिथल्या तिथं रचला. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितला. पाचव्या वर्षी तो मला खरा वाटायला लागला होता. उद्या तो आनंदाने येईल, असं म्हणत बावीस वर्षं मी तो खलाशी सुखरूप घरी आणत होते.

आत ती विचारत होती, "एसटी येईल का न्हाई याची खात्री नसली की तुमी घरी काय म्हणता?"

एक पोरगा म्हणाला, "आलीच चुकूनमाकून तर जाऊ."

"हां. ते चुकूनमाकून म्हणजे हॅप्ली. आता इंग्रजीत कुणी बोलत न्हाई हा शब्द, मेला तो. पण जुन्या कवितांत भेटतो. क्रियापदाच्या जवळ बसतो, आणि जर-तरच्या वाक्यात तर हमखास. आता वाचा शेवटची ओळ."

एका मुलीनं ओळ वाचली आणि मराठीत सावकाश सांगितलं, "चुकूनमाकून... उद्या येईल तो."

"म्हणजे तिला माहितीय का, तो येणार हाय म्हणून?"

"न्हाई मॅडम."

"तरी ताट वाढतीय."

 डिसेंबर होता. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आई-बाप कारखान्यांवर होते, घरी आजी-आजोबा. एक पोरगी खाली मान घालून बाकावर नख ओढत होती. मी तिथून निघाले. चालताना माझे कान तापले होते. ती चूक शिकवते आहे, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार असा की तिनं सांगितलेल्या अर्थानं कविता चांगली होते. हा दुसरा विचार जास्त झोंबला.

त्याच दिवशी मी ग्रंथालयात गेले. तिथं एक जाडजूड डिक्शनरी होती, कुणी कधी न उघडलेली. पानं एकमेकांना चिकटली होती. मी शब्द काढला. हॅप्ली: जुना प्रयोग, योगायोगाने, कदाचित. मूळ शब्द हॅप, म्हणजे नशीब, योग. त्याच मुळापासून घडणे या अर्थाचं हॅपन, आणि अपघाताला असलेला मिसहॅप. परहॅप्समध्येही तोच. आणि हॅपीसुद्धा! हॅपी म्हणजे आधी आनंदी नव्हेच, आधी नशीबवान. नशिबानं चांगलं झालं म्हणून मागून आनंदी.

मला क्षणभर आशा वाटली. मूळ एकच आहे, मग माझंही अगदीच चुकलं नाही, असा काही मार्ग निघतो का ते मी पाहू लागले. हॅपिलीसुद्धा फार जुन्या काळी 'कदाचित' याच अर्थानं वापरत, असंही तिथं होतं. पण त्यानं तिचाच अर्थ पक्का होत होता, माझा नाही. कवितेतल्या बाईला मी आनंदी ठरवलं होतं आणि ती बिचारी जीव मुठीत धरून बसली होती.

मग मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी ती डिक्शनरी स्वतःच्या नावावर घेतली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. ज्या गावात पोरापोराच्या हातात मोबाईल आहे, तिथं मी डिक्शनरी लपवत होते.

जानेवारीत घटक चाचणी आली. प्रश्नपत्रिका दोन्ही तुकड्यांना एकच, आणि ती ज्येष्ठ म्हणून मी काढायची. मी एक प्रश्न मुद्दाम घातला: आनंदाने या अर्थाचा शब्द कवितेतून शोधून लिहा. खरं काय ते मला कळलेलं होतं. माझ्या अ तुकडीनं बरोबर हॅप्ली लिहिलं. ब तुकडीच्या उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे आल्या. बहुतेकांनी जागा कोरी सोडली होती. एका मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: असा शब्द या कवितेत नाही.

मी त्या सगळ्यांना शून्य दिलं. त्या मुलीच्या वाक्याखाली तर लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी ती तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो.

"मॅडम, हा प्रश्न जरा बघता का? मला वाटतं, काहीतरी चूक झालीय."

"कुणाची चूक?"

"प्रश्नाची मॅडम."

"बावीस वर्षं मी हेच शिकवतेय. तुम्हीही माझ्याकडंच शिकलात ना? मग आता मुलांना माझ्याविरुद्ध शिकवायला लागलात का?"

मी तिला अहोजाहो केलं हे तिला लागलं. रोज मी अगं म्हणायचे. ती गठ्ठा उचलून गेली.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी प्राचार्यांकडे गेले. ते विज्ञानाचे माणूस, भाषेच्या भांडणात पडायला नाखूष. मी त्यांना सांगितलं की नवीन मॅडम मुलांना चुकीचे अर्थ सांगतात, वर्गात गावठी बोलतात, आणि मुलांना ज्येष्ठांबद्दल अनादर शिकवतात. त्यांनी लगेच तिला बोलावून घेतलं.

"मॅडम म्हणतात तुमचा एक अर्थ चुकलाय. काय शब्द तो?"

"हॅप्ली, सर."

"मग? कुणाचं बरोबर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात मोबाईल होता. दोन बोटं फिरवली असती तर माझी बावीस वर्षं तिथंच संपली असती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"मी परत बघते सर," ती म्हणाली. "माझ्याकडून घाई झाली असंल."

"हां, बघा. सीनियर आहेत त्या." प्राचार्य सुटले.

मी जिंकले होते. बाहेर आले. मला वाचवलं म्हणून तिचा जास्तच राग येत होता. विद्या तिची, पोरं तिची, आता मोठेपणाही तिचाच? माझ्यासाठी हिनं काय शिल्लक ठेवलं? असं सगळं मनात उकळत होतं.

संध्याकाळी स्टँडवर ती बाकावर बसलेली दिसली. मी रोज चालत घरी जाते, स्टँडकडे माझं काही काम नव्हतं. तरी जाऊन शेजारी बसले.

"तू खोटं कावून बोललीस?" चिडले की माझ्या तोंडून दिंद्रुड बाहेर येतं. "तुला माहीत होतं ना?"

"होतं मॅडम."

"मग?"

 मग तिनं सांगितलं. एमएच्या तोंडी परीक्षेत तिला एक जुना उतारा वाचायला दिला होता. त्यात हा शब्द आला. तिनं छाती पुढं काढून सांगितलं, हॅप्ली म्हणजे हॅपिली, वृत्तासाठी अक्षर खाल्लंय. समोरचे दोघे परीक्षक हसले. एकानं दुसऱ्याला म्हटलं, अक्षर खाल्लंय म्हणे! मग त्यांनी तिला अर्थ समजावून दिला, पण हसत हसत. बाहेर आल्यावर ती जिन्यात बसून रडली. त्या परीक्षेत तिला काठावर गुण मिळाले.

"त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं तुला."

 "माझं नाव सांगितलंस?"

"न्हाई. आठवत न्हाई म्हणाले."

"कावून?"

"मॅडम, वर्षातले चार-पाच महिने मी कॉलेजला असायचे. त्यात तुमचा तास मी एकबी बुडवला न्हाई. तुमच्यासारखं बोलायचं होतं मला. कारखान्यावर कोपीत, आमच्या खोपटात, आरशासमोर तुमची नक्कल करायचे, तर आई हसायची." ती थोडी हसली. "एका शब्दासाठी तुमचं नाव कसं सांगू?"

तिची गाडी आली. ती चढली, मला हात केला. मी तिथंच बसून राहिले. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझी नक्कल करणारी एक पोरगी शेवटच्या बाकावर होती आणि मला तिचा चेहराही माहीत नव्हता, एवढंच डोक्यात फिरत होतं. कारखान्याच्या आवारात, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या खोपटात, कुणीतरी मी होऊ बघत होतं. आणि मी आता ती होऊ बघत होते.

सकाळी मी आधी ब तुकडीत गेले. तास तिचा होता. तिला म्हटलं, पाच मिनिटं दे. खडू घेतला, बोर्डावर शब्द लिहिला आणि पोरांना सांगितलं, "या शब्दाचा अर्थ तुमच्या मॅडमनी सांगितला तोच बरोबर आहे. कदाचित. योगायोगानं. माझा प्रश्न चुकीचा होता. तुमचे गुण वाढवून मिळतील. आणि ज्या मुलीनं असा शब्द कवितेत नाही असं लिहिलं, तिचं उत्तर सगळ्यांत बरोबर."

 मग मागून एका पोरानं विचारलं, "मॅडम, माझ्या थोरल्या भावाला तुमी आनंदानं असं शिकीवलं व्हतं. मग त्याचंबी चुकलंच का?"

"चुकलं. माझ्यामुळं."

पोरं हसली. हसू दिलं. अ तुकडीतही जाऊन तेच सांगितलं. तिथं जास्त जड गेलं, कारण ती पोरं माझी होती. मग प्राचार्यांकडे गेले आणि तक्रार मागे घेतली, खरं काय होतं तेही सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्या एका शब्दासाठी?" डिक्शनरी ग्रंथालयात परत केली.

यानं माझा हेवा गेला असं कुणी समजू नये. पुढचं वर्षभर आम्ही एकत्र चहा प्यायलो, प्रश्नपत्रिका दोघींनी मिळून काढल्या, आणि दाराशी मुली तिच्यासाठीच उभ्या राहिल्या. रोज ते बघताना पोटात दुखायचंच. फरक एवढाच की आता मला ते दुखणं कशाचं आहे ते माहीत होतं, त्याला मी शिस्त वगैरे नावं देत नव्हते. नंतर तिची गेवराईकडच्या एका सीनियर कॉलेजात निवड झाली. निरोप समारंभात पोरी हमसून रडल्या. मी चांगलं भाषण केलं. घरी आल्यावर माझ्या मनात आलं, आता निदान दार मोकळं झालं. असंही मनात येतं माणसाच्या.

मागच्या उन्हाळ्यात तिचं बोलावणं आलं. आई-वडिलांना गावात नवं घर बांधलं होतं, वास्तुशांत होती. मी गेले. दोन खोल्या, पुढं ओटा, अंगणात मांडव. तिची आई दारातच भेटली. हाताला कोयत्याचे घट्टे, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. मांडवातल्या बाया-माणसांत फिरवून प्रत्येकीला सांगत होती, "ह्या माझ्या लेकीच्या बाई. ह्यांनी शिकीवलं म्हून पोरगी साहेबीण झाली."

चौथ्या-पाचव्या वेळी मला ते सोसेना. मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, असं सांगू नका. मी तिला चुकीचं शिकवलं होतं. माझ्यामुळं तिला परीक्षेत हसले लोक. नंतर मी तिच्यावर जळत होते, तक्रारसुद्धा केली तिची."

 मावशी म्हणाली, "आवो बाई, चूक का बरूबर, आमाला आडाण्याला काय कळतंय? आमी सा-सा महिनं हिला घेऊन हिंडलो, तवा ही पोरगी फडात बसून तुमच्यासारखी फाड फाड बोलायची. तेवढ्या वक्तात ऊस दिसायचा न्हाई तिला. ते तर तुमचंच हाय न्हवं?" आणि लगेच, "आन् जळलात तर जळलात. माझी पोरगी हायच तशी!"

हे म्हणताना तिनं मांडवात वाढत फिरणाऱ्या लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला मराठीत सांगता येईना आणि इंग्रजीतही. माझे वडील आमदारांसमोर, कलेक्टरांसमोर मला इंग्रजीत बोलायला लावायचे. सगळे माना डोलवायचे. पण माझ्याकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

मग मी पंगतीला बसले. तिनं स्वतः येऊन माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वरून तूप सोडलं, आणि "अजून एक, मॅडम" म्हणून दुसरी वाढायला लागली. मी नको म्हणाले नाही.